नवीन आरएन (परवानाधारक नर्स) : रेसिडेन्सीचे अर्ज, मुलाखती आणि एच-४ ईएडी

केतकी_एडिसन

नमस्कार मंडळी. पुण्यात मायक्रोबायोलॉजी करून काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर इथे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनला (कमी वेळात होणारी नर्सिंगची पदवी) प्रवेश घेतला. मे महिन्यात पदवी मिळेल, एनक्लेक्स (परवान्याची परीक्षा) जूनमध्ये द्यायचा विचार आहे. सध्या वर्गात एकच विषय आहे, रेसिडेन्सी, म्हणजे नव्या नर्सला पहिल्या वर्षी हॉस्पिटलात नोकरीसोबत मिळणारं प्रशिक्षण. (सासूबाईंनी सोसायटीत 'सून अमेरिकेत रेसिडेन्सी करणार' असं सांगून टाकलंय, त्यामुळे तिकडे मी डॉक्टर झालेच आहे. असो.)

माझे प्रश्न: अर्ज परवाना मिळाल्यावर करायचा की आधीच? लॅबचा अनुभव रेझ्युमेत ठेवू की काढून टाकू? मला आयसीयू मनापासून आवडलंय, पण जो तो 'आधी मेड-सर्ज कर' (म्हणजे सर्वसाधारण वॉर्ड) म्हणतो. आणि ईएडीचं (एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर मिळणारं काम करायच्या परवानगीचं कार्ड) कधी सांगायचं? शेवटची प्रॅक्टिकम (वॉर्डातलं प्रत्यक्ष काम) टेलिमेट्री युनिटवर (जिथे पेशंटच्या हृदयाचे ठोके मॉनिटरवर सतत बघतात) चालू आहे. यातून गेलेलं कोणी असेल तर जरा सविस्तर लिहा.

रानजाई

परवान्याची वाट पाहत बसू नका. उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या तुकडीचे अर्ज बऱ्याच ठिकाणी जानेवारी ते मार्चमध्येच निघतात आणि हिवाळ्यातल्या तुकडीचे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. काही नावाजलेली हॉस्पिटलं जेमतेम आठवडाभर अर्ज घेतात, आणि पुरेसे आले की त्याआधीच पोर्टल बंद करतात. परवाना क्रमांकाच्या जागी पदवीची आणि परीक्षेची अपेक्षित तारीख चालते. ऑफर मात्र अटीवर मिळते: रुजू व्हायच्या आत एनक्लेक्स पास.

म्हणून परीक्षा लांबवू नका. कॉलेज राज्याच्या नर्सिंग बोर्डाला कळवतं, मग एटीटी (परीक्षेला बसायची परवानगी) येतं, मग पिअर्सन व्ह्यूची (परीक्षा घेणारी कंपनी) तारीख मिळते. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी यात दिवस जातात, तेवढं आत्ताच उरका. एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललंय हे कॉलेजात सांगितलंच असेल: ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, आणि केस स्टडी.

शिफारसपत्रं आजच मागा. मे महिन्यात सगळा वर्ग त्याच तीन-चार शिक्षिकांच्या मागे लागलेला असतो.

विनय_पी

जरा उलटं लिहितो. रेसिडेन्सी म्हणजे ओरिएंटेशनलाच दिलेलं भारदस्त नाव. बायकोने एका हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) दोन वर्षांचा करार करून सुरुवात केली. पहिल्या महिन्यात प्रिसेप्टर (सोबत राहून शिकवणारी अनुभवी नर्स) सारखी बदलत होती, आणि महिन्यातून एकदा वर्गात बसवून 'स्वतःची काळजी घ्या'चे स्लाइड शो. एका वर्षाने आम्हाला दुसऱ्या राज्यात जावं लागलं, तर प्रशिक्षणाचा खर्च म्हणून सगळी रक्कम मागितली. एक वर्ष काम केल्याची सूटसुद्धा नाही. करार वाचल्याशिवाय सही करू नका एवढंच सांगेन.

मिरज_ते_मिशिगन

विनय, कराराबाबत शंभर टक्के सहमत. पण सगळ्या रेसिडेन्सी एकाच मापाने मोजू नका.

मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. नंतर एका खाजगी हॉस्पिटलात लागले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात रात्रपाळीला पूर्ण वॉर्ड माझ्यावर आणि एका मावशींवर होता. विचारायला कोणी नाही. डॉक्टरांना उठवलं तर ओरडा खायचा, नाही उठवलं तर सकाळी ओरडा खायचा. शिकले भरपूर, पण पेशंटच्या जिवावर शिकले असं आजही वाटतं.

इथेही पूर्वी फार वेगळं नव्हतं. नर्सिंगच्या संशोधक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच या अवस्थेला 'रिअ‍ॅलिटी शॉक' असं नाव दिलं होतं. शाळेत शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांच्यातल्या दरीत नवीन मुली पडतात आणि वर्षभरात नोकरी सोडतात. विद्यापीठांच्या हॉस्पिटलांचा संघ आणि एएसीएन (नर्सिंग कॉलेजांची संघटना) यांनी मिळून २००२ मध्ये वर्षभराचा कार्यक्रम सुरू केला, तो आज व्हिझिएंट या कंपनीच्या नावाने चालतो. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने रेसिडेन्सीची शिफारस केली आणि मग हे सगळीकडे पसरलं. हॉस्पिटलं हे दयाबुद्धीने करत नाहीत. सोडून गेलेल्या नर्सच्या जागी दुसरी तयार करणं त्यांना फार महाग पडतं.

तेव्हा विचारायचं ते असं: तुमच्या रेसिडेन्सीला एएनसीसीची पीटीएपी किंवा सीसीएनईची मान्यता (या संस्था असे कार्यक्रम तपासतात) आहे का? प्रिसेप्टर एकच की रोज वेगळी? ओरिएंटेशन (प्रिसेप्टरसोबत काम करायचा काळ) किती आठवडे? पुरेशी तयारी झाली नाही असं वाटलं तर ते वाढवून देता का? मेड-सर्जला १२ आठवड्यांच्या आसपास आणि आयसीयूला १६ ते २४ ऐकलं तर ठीक. आयसीयूला सहाच आठवडे म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडा. ओरिएंटेशन संपलं तरी रेसिडेन्सी वर्षभर चालू असते, अनेकजण या दोन गोष्टी एकच समजतात. विनय यांच्या पत्नीच्या हॉस्पिटलातही बहुधा हाच घोळ होता.

ओकलंडकर

कॅलिफोर्नियाचा विचार असेल तर एक सूचना. इथे २००४ पासून कायद्याने ठरलेलं पेशंटचं प्रमाण आहे, आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त दोन आणि मेड-सर्जला पाच. पगारही चांगला. त्यामुळे देशभरातून अर्ज येतात, आणि बे एरियात नवीन ग्रॅज्युएटला शिरकाव मिळणं महाकठीण. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मुली फ्रेस्नो, बेकर्सफील्डकडे वर्ष-दोन वर्षं काढून मग इकडे आल्या. शिवाय हे राज्य कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचा नर्सिंग परवाना मानणाऱ्या राज्यांच्या करारात) नाही, टेक्सासचा बहुराज्यीय परवाना इथे चालत नाही.

टेक्सासची_सिस्टर

मी ह्यूस्टनमध्ये नर्स एज्युकेटर आहे. आमच्या युनिटच्या मुलाखतींच्या पॅनेलवर बसते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहिते. लांबेल.

केतकी, तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिली आहे: टेलिमेट्रीवरची प्रॅक्टिकम. पोर्टलवर शेकडो अर्ज असतात. मॅनेजरला त्यातला एकच चेहरा ओळखीचा असेल, तर तो तिच्याच युनिटवर आठवड्यामागून आठवडे बेल वाजली की उठणाऱ्या विद्यार्थिनीचा असतो. तुम्ही मॅनेजरला स्वतः जाऊन भेटला आहात का? बहुधा नाही, कारण आपल्याला भीड वाटते. 'काम चांगलं करत राहू, त्यांना दिसेलच' हे आपल्या घरातलं वळण. मॅनेजर दिवसभर मीटिंगमध्ये असते, तिला काहीही दिसत नाही. प्रिसेप्टरला सांगा की मला इथेच काम करायचंय, पाच मिनिटांची भेट घालून द्या. एका पानाचा रेझ्युमे हातात द्या आणि पुढच्या तुकडीत या युनिटला किती जागा आहेत ते सरळ विचारा. पोर्टलवर अर्ज करावाच लागतो, पण रिक्रूटरच्या ढिगाऱ्यातून नाव वर काढायला मॅनेजरचा एक ईमेल पुरतो.

लॅबचा अनुभव ठेवाच. फक्त 'सॅम्पल तपासले' असं लिहू नका. क्रिटिकल रिझल्ट फोनवर कळवणं, चुकीच्या लेबलचा नमुना परत पाठवणं, त्वचेवरच्या जंतूंमुळे ब्लड कल्चर खोटं पॉझिटिव्ह येणं, हे तुम्ही दुसऱ्या बाजूने पाहिलंय. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर का घ्यायचं हे नवीन नर्सला शिकवावं लागतं, तुम्हाला ते हाडीमाशी माहीत आहे. सेप्सिसवर प्रश्न आला की हे बोला.

आता मुलाखत. 'मला लोकांची सेवा करायला आवडते' हे वाक्य मी एका दिवसात इतक्या वेळा ऐकते की कानाला कळतच नाही. 'एखादा प्रसंग सांगा' असं विचारलं की आपल्याकडच्या मुली 'आम्ही' म्हणतात. आम्ही केलं, टीमने केलं, सिस्टरांनी सांभाळलं. मी मी करणं वाईट असं लहानपणापासून ऐकलेलं असतं ना. पण पॅनेलच्या कागदावर त्या उमेदवाराने काय केलं यालाच गुण असतात, 'आम्ही'ला रकाना नाही.

केतकी_एडिसन

सिस्टर, मनापासून आभार. मॅनेजरला भेटायचं अजून डोक्यातही आलं नव्हतं. प्रसंगाबद्दल मी असं तयार केलंय: 'ऑर्थोच्या रोटेशनमध्ये आमच्या एका पेशंटला दम लागला. आम्ही लगेच नर्सला सांगितलं आणि टीमने रॅपिड रिस्पॉन्सचं तातडीचं पथक बोलावलं. वेळेत उपचार झाल्यामुळे पेशंट बरी झाली.' चालेल का?

टेक्सासची_सिस्टर

यात केतकी कुठे आहे? दम लागलाय हे कोणाच्या लक्षात आलं? कशावरून? नर्स येईपर्यंत तुमचे हात काय करत होते? तिला कोणत्या शब्दांत सांगितलं?

केतकी_एडिसन

माझ्याच लक्षात आलं. हिप बदलल्याचा दुसरा दिवस होता. सकाळी श्वास १८ आणि ऑक्सिजन ९६ टक्के मीच नोंदवला होता. दुपारी फिजिओहून आल्यावर त्या माझ्याशी बोलत होत्या आणि वाक्य मध्येच तुटत होतं. मोजलं तर श्वास २८, ऑक्सिजन ८९. कॉटचं डोकं वर केलं, बेल दाबली, त्यांना सोडून गेले नाही. नर्स आल्यावर आकडे सांगितले आणि म्हटलं की सकाळी असं नव्हतं, मला हे साध्या थकव्यासारखं वाटत नाही. तिने ऑक्सिजन लावून रॅपिड रिस्पॉन्स बोलावला. नंतर सीटीमध्ये फुप्फुसात गुठळी सापडली.

टेक्सासची_सिस्टर

हे सांगा, असंच. सकाळचा आकडा, दुपारचा आकडा, मध्ये तुम्ही. गोष्ट दीड मिनिटात संपते आणि पॅनेलवरच्या प्रत्येकीला कळतं की ही मुलगी मॉनिटरच्या आधी पेशंटकडे बघते. वय, खोली, तारीख, हॉस्पिटल काही सांगायचं नाही. हिपाचा (पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा कायदा) भंग मुलाखतीत झाला तर तिथेच खेळ संपतो.

आणखी दोन प्रश्नांची तयारी करा. पहिला: डॉक्टरांची ऑर्डर चुकीची वाटली तर? समजा पोटॅशियम ५.८ आलंय आणि ऑर्डर पोटॅशियम द्यायची आहे. 'डॉक्टरांनी विचार करूनच लिहिलं असेल' हे उत्तर आलं की आम्ही पेन खाली ठेवतो. औषध थांबवायचं, डॉक्टरांना फोन करून आकडा वाचून दाखवायचा, ऐकलं नाही तर चार्ज नर्स (पाळीची प्रमुख नर्स), मग त्यावरची पायरी. हे शांतपणे, नाट्य न करता सांगायचं. दुसरा: चार पेशंट, आधी कोणाकडे? एकाचं दुखणं दहापैकी आठ, एक डिस्चार्जसाठी खोळंबलाय, एकाचे नातेवाईक चिडलेत, एकाची साखर ४८ आणि तो घामाने भिजलाय. साखरवाला पहिला हे सगळ्यांनाच येतं. आम्हाला ऐकायचं असतं ते बाकीच्या तिघांचं तुम्ही काय करणार: दुखण्यासाठी सहकाऱ्याला सांगणार का, नातेवाइकांना 'दहा मिनिटांत येते' म्हणून जाणार का.

हायरव्ह्यू या ऑनलाइन सेवेवरची रेकॉर्ड केलेली मुलाखत आली तर पाठ केलेलं वाचू नका, डोळ्यांची हालचाल लगेच दिसते.

पराग_के

माझी मुलगी पुढच्या वर्षी बीएसएन होईल. तिला सीआरएनए (भूल देणारी तज्ज्ञ नर्स) करायचंय. मग थेट आयसीयू रेसिडेन्सीलाच अर्ज करावा ना? मेड-सर्जमध्ये वर्ष कशाला घालवायचं?

मिरज_ते_मिशिगन

परागदादा, सीआरएनएला किमान एक वर्ष क्रिटिकल केअर लागतं हे खरं, आणि प्रत्यक्षात जास्तच अनुभव असलेल्यांना प्रवेश मिळतो. आता तो डॉक्टरेटचा अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं जातात. आयसीयूत थेट घेणाऱ्या रेसिडेन्सी आहेत, जरूर अर्ज करू दे. पण मुलाखतीत सीआरएनएचं नाव काढू नये. जिच्यावर पाच-सहा महिने खर्च करायचे ती दोन वर्षांत जाणार हे ऐकून कोणती मॅनेजर खूश होईल?

आणि मेड-सर्जमध्ये वर्ष 'घालवलं' असं म्हणू नका हो. सहा पेशंट, सहा आजार, दोन ॲडमिशन, एक पडायच्या बेतातले आजोबा, हे सगळं सांभाळता आलं की नंतर काहीच अंगावर येत नाही. केतकीला मात्र मी स्टेप-डाउन (आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधलं युनिट) किंवा टेलिमेट्री सुचवेन. हृदयाचे ठोके वाचायची सवय लागते आणि तिथून आयसीयूत बदली मिळणं सोपं जातं. हॉस्पिटलात एकदा आत शिरलं की अंतर्गत बदलीची दारं वेगळी असतात.

सोनचाफा

माझा अनुभव उलटा. थेट आयसीयूत गेले, २० आठवडे एकच प्रिसेप्टर होती, उत्तम झालं. प्रिसेप्टर चांगली असेल तर युनिट कुठलंही चालतं.

रानजाई

एक धोका कोणीच लिहिला नाही. रेसिडेन्सी मिळेपर्यंत हाताला काम म्हणून कुठल्या हॉस्पिटलात आरएनची नोकरी धरली, तर काही महिन्यांनी तुम्ही 'नवीन ग्रॅज्युएट' उरत नाही. बहुतेक ठिकाणी ॲक्यूट केअरचा अनुभव सहा किंवा बारा महिन्यांपेक्षा कमी हवा, शिवाय पदवी होऊन वर्ष झालेलं नसावं, अशी अट असते. नर्सिंग होमचा अनुभव काही हॉस्पिटलं मोजतात, काही मोजत नाहीत. प्रत्येक जाहिरातीतली व्याख्या वाचा.

नांदेडची_नीता

मग माझं काय? नांदेडला बी.एस्सी. नर्सिंग, पुण्यात चार वर्षं आयसीयू, आता नवऱ्यामुळे ग्रीन कार्डवर इलिनॉयमध्ये आहे. एनक्लेक्स पास झालेय. मी नवीन की जुनी?

मिरज_ते_मिशिगन

हॉस्पिटलागणिक उत्तर बदलतं, त्यामुळे रिक्रूटरला थेट ईमेल करा. काहीजण अमेरिकेतला अनुभव शून्य म्हणून घेतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. अनुभव लपवून नवीन म्हणून अर्ज अजिबात करू नका, परवान्याच्या कागदांत सगळं दिसतं. खरं तर चार वर्षं आयसीयू असताना तुम्ही रेसिडेन्सीच्या मागे लागूच नये. अनुभवी नर्सच्या जागेला अर्ज करा आणि ओरिएंटेशन लांबवून मागा. पगाराची पायरीही वरची मिळू शकते. इथे चार्टिंग (पेशंटच्या नोंदी) आणि कायदे वेगळे आहेत, हात तेच आहेत.

केतकी_एडिसन

ईएडीचं राहिलं का? माझं कार्ड पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपतंय.

विनय_पी

हे मला सांगता येईल, आमच्या घरात हेच चाललंय. अर्जात दोन वेगळे प्रश्न असतात. 'अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का?' याला हो, ईएडी आहे. 'आता किंवा पुढे आमच्याकडून स्पॉन्सरशिप लागेल का?' हा तुमच्या परिस्थितीवर आहे. ग्रीन कार्ड नवऱ्याच्या अर्जातून येणार असेल तर हॉस्पिटलाकडून तुम्हाला काही लागत नाही, पण उत्तर वकिलाला विचारून ठरवा आणि सगळ्या अर्जांत तेच ठेवा. मुलाखतीत आपणहून व्हिसाचं पुराण लावू नका. आय-९ (काम करायची परवानगी दाखवायचा सरकारी फॉर्म) भरताना ईएडी दाखवायचंच असतं.

खरी अडचण नूतनीकरणाची आहे. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुन्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर काम थांबवावं लागतं, आणि रेसिडेन्सीच्या मध्यावर ते परवडणार नाही. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबर. तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

आणि करारात एक गोष्ट बघा: परवानगीअभावी काम थांबलं तर ते 'सोडून गेली' असं धरतात का? आम्ही हे विचारलं नव्हतं. लेखी उत्तर मागा. परतफेडीची रक्कम महिन्यागणिक कमी होते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

केतकी_एडिसन

हे कोणीच सांगितलं नव्हतं, वर्गातल्या मुली सगळ्या इथल्याच. सप्टेंबर लिहून ठेवला. प्रिसेप्टरशी आज बोलले, मॅनेजर शुक्रवारी सकाळी हडलनंतर (युनिटची रोजची छोटी बैठक) भेटणार आहे. रेझ्युमे दोन पानांचा आहे तो आज रात्री कापते.

टेक्सासची_सिस्टर

कापताना क्लिनिकल्सची जंत्री आधी उडवा. प्रत्येक नर्सिंग विद्यार्थ्याने कॅथेटर घातलेलं असतं, ते लिहून काही मिळत नाही. प्रॅक्टिकमचे तास, युनिटचा प्रकार, किती पेशंट सांभाळत होता, बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं प्रमाणपत्र), येणाऱ्या भाषा. मराठी आणि हिंदी दोन्ही लिहा, एडिसनजवळच्या हॉस्पिटलात त्याला किंमत आहे. फक्त तुम्ही प्रमाणित दुभाषी नाही हे विचारलं तर स्पष्ट सांगा.

क्वीन्सवाली_मंजिरी

उशिरा आले धाग्यावर. माझी एडीएन (बीएसएनपेक्षा छोटी नर्सिंगची पदवी) आहे, कम्युनिटी कॉलेजातून. न्यूयॉर्कमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांच्या जाहिरातीत बीएसएन 'आवश्यक' लिहिलंय. अर्ज करूच नको का?

रानजाई

'प्राधान्य' लिहिलं असेल तिथे करा, 'आवश्यक' असेल तिथे पोर्टल आपोआप नाव गाळतं, वेळ वाया जातो. मॅग्नेटवाली (नर्सिंगच्या दर्जाचं मानांकन मिळालेली) मोठी हॉस्पिटलं बीएसएनसाठी अडून बसतात. तुमच्या राज्यात २०१७ च्या कायद्याप्रमाणे परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं, म्हणजे पुढेमागे करणारच आहात. मग आरएन ते बीएसएनच्या ऑनलाइन कोर्सला आत्ताच नाव घाला आणि रेझ्युमेत प्रवेशाची नि पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख टाका. काही हॉस्पिटलं अमुक वर्षांत पूर्ण करण्याच्या लेखी हमीवर एडीएनना रेसिडेन्सीत घेतात. छोटी कम्युनिटी हॉस्पिटलं आणि लाँग आयलंडच्या बाजूचीही बघा. तुमची क्लिनिकल्स कुठल्या युनिटवर झाली ते लिहा, मग पुढचं सांगता येईल.